भिंतीतला पिंजरा

हे पुस्तक लिस्बनवर आहे म्हटलं की आमच्या उमरग्यात दोन प्रश्न येतात. एक, हे लिस्बन आलं कुठं? आणि दुसरा, युरोपात गेलातच तर पॅरिस, रोम सोडून तिथं कशाला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तेजु नदी अटलांटिक महासागराला मिळते त्या मुखाशी वसलेली ही पोर्तुगालची राजधानी. वास्को द गामा निघाला तो इथून. दुसऱ्याचं खरं उत्तर असं की माझा भाचा तिथं नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याचा खर्च नव्हता. चोवीस दिवस राहिलो. पण परत आल्यावर लिहायला बसलो ते भाच्यामुळे नाही, एका भिंतीमुळे.

चौथ्या दिवशी बाइशातून चाललो होतो. बाइशा म्हणजे खालचं गाव, लिस्बनची मधली पेठ. दोन टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना चार-पाच मजली, एकसारख्या, फारसं नक्षीकाम नसलेल्या इमारती. त्यातल्या एकीची दुरुस्ती काढली होती. खिडक्यांच्या चौकटी उतरवलेल्या, आतल्या भिंतीचा गिलावा खरवडलेला, त्यामुळे पहिल्या मजल्यावरची खोली रस्त्यावरूनच दिसत होती. गिलाव्याखाली दगड असणार असं मी धरून चाललो होतो. होती ती लाकडं. उभी, आडवी, आणि त्या चौकटींत तिरपी, एकमेकांना छेदणारी. एक फुली, तिच्यावर दुसरी फुली, शेजारी तिसरी. फुलीच्या चारही त्रिकोणांत विटांचे तुकडे, गोटे आणि चुना ठासलेला. लाकूड काळपट पडलं होतं, सांधे मात्र बसलेले होते. मी पिशवीतून वही काढली आणि तिथंच फुटपाथवर उभा राहून चित्र काढायला लागलो. वरून एक गवंडी पाहत होता. तो हसला, दोन्ही हातांनी पाखराच्या पिंजऱ्याचा आकार केला आणि म्हणाला, “गायोला.”

गायोला म्हणजे पिंजराच. या पुस्तकात हा शब्द सारखा येईल, म्हणून आधी सांगून ठेवला.

मी अभियंता नाही. चाकरीभर हायस्कुलात चित्रकला शिकवली. भिंतीशी ओळख झाली ती १९९३ साली. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गावोगावचे लोक उशिरा घरी आले, अंथरुणाला पाठ टेकली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नाव झालं ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं. पण सास्तूर आणि लोहाऱ्याकडची गावं आमची. लोहारा तेव्हा वेगळा तालुका नव्हता, तो सगळा भाग उमरग्यातच होता. लातूर आणि आमचा, दोन्ही जिल्हे मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपाची तीव्रता होती सहाच्या थोडी वर. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे. माणसं मारली ती घरांनी.

पुढचे कित्येक आठवडे आम्हा शिक्षकांना पंचनाम्याच्या कामाला लावलं होतं. टेपचं एक टोक तलाठ्याकडे, दुसरं माझ्याकडे. पडलेली भिंत मोजायची म्हणजे तिच्या पोटात पाहायचं. दोन-अडीच फुटांची, कुठं तीन फुटांची रुंद भिंत. बाहेरून घडीव काळा दगड, आतून दगड, आणि मधे काय तर गोटे आणि चिखल. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा दगडच नाही. हलल्यावर दोन्ही अंगं पुस्तकाच्या पानांसारखी उलगडली. वर माळवद. तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर मातीचा थर, आणि गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक. बापानं टाकली, मुलानं टाकली, नातवानं टाकली. काही माळवदांची माती मी स्वतः दोन फुटांच्या वर मोजली आहे. उन्हाळ्यात या घरासारखा गारवा दुसरीकडे मिळत नाही. त्याच गारव्याखाली लोक गाडले गेले.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. माझ्या आजोळी, लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात, ढाळजेच्या, म्हणजे दाराजवळच्या बैठकीच्या जागेच्या, चारही भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या होत्या आणि खांब, तुळया, त्यावरचं माळवद जागच्या जागी उभं होतं. घराला भिंतीच नाहीत, नुसतं छत. आजी त्या छताखाली झोपलेली होती. ती पुढं नऊ वर्षं जगली, पण पक्क्या छपराखाली कधी झोपली नाही. पंचनामे करत फिरताना अशी आणखी घरं दिसली. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा भिंतीच्या जिवावर उभा नव्हता, तिथं बऱ्याचदा भिंत गेली आणि सांगाडा राहिला. मी ते वहीत काढून ठेवलं. पंचनाम्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. तिथं एवढंच विचारलं होतं: पूर्ण पडझड की अंशतः?

म्हणून लिस्बनच्या त्या फुलीपुढं मी जो अडकलो तो अडकलोच.

लिस्बन पडलं १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण होता, चर्च माणसांनी भरलेली, प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या. आमच्याकडे सण संपवून झोपलेले लोक गेले, त्यांच्याकडे सणाला जमलेले. भूकंप आमच्यापेक्षा कितीतरी मोठा होता, समुद्रातला. लोक घरांपासून पळून नदीकाठच्या मोकळ्या जागेत गेले, तर थोड्या वेळानं तेजुच्या मुखातून पाण्याची भिंत आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पुढं पाच-सहा दिवस जळत होती. किती माणसं मेली याचे आकडे इतके वेगवेगळे आहेत की मी या पुस्तकात एकही दिलेला नाही.

राजा पहिला जोसे त्या दिवशी शहराबाहेर बेलेमला होता म्हणून वाचला. पण छपराची भीती त्याच्या मनात बसली ती कायमची. अजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकूड आणि कापडाचा दरबार उभारला आणि १७७७ साली मरेपर्यंत तो दगडी महालात राहायला गेला नाही. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. पत्र्याच्या शेडखाली बाज टाकून झोपणारी आमची आजी आणि पोर्तुगालचा राजा.

राज्य चालवलं ते त्याच्या मंत्र्यानं. त्याला पुढं पोंबालचा मार्क्विस ही पदवी मिळाली आणि इतिहासात तो पोंबाल म्हणूनच ओळखला जातो. माणूस कठोर, विरोधकांना त्यानं निर्दयपणे चिरडलं. त्याची पूजा बांधायला मी हे लिहिलेलं नाही. पण एक काम त्यानं असं केलं की पंचनामे केलेल्या माणसाला त्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. देशभरातल्या चर्चच्या धर्मगुरूंना त्यानं प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? नंतर किती धक्के बसले? किती घरं पडली, किती माणसं गेली? समुद्र आधी मागं हटला की पुढं आला? जमिनीला भेगा पडल्या का? देवाचा कोप का झाला, असा प्रश्न त्यात नव्हता. उत्तरं लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत. भूकंपशास्त्राची सुरुवात सांगताना अभ्यासक या कागदांकडे बोट दाखवतात.

शहर पुन्हा कुठं आणि कसं बांधायचं हा प्रश्न मानुएल द माया या मुख्य अभियंत्याकडे आला. वय ७८. आपल्याकडे या वयात माणसाला नातवंडांच्या लग्नाच्या याद्या करायला सांगतात. त्यानं पर्याय मांडले: होतं तसंच बांधा, रस्ते थोडे रुंद करून बांधा, खालचं गाव पूर्ण सपाट करून नव्यानं आखा, किंवा हे सोडून बेलेमकडे नवं शहरच वसवा. निवड झाली जागा न सोडता नव्यानं आखायची. राडारोडा उचलून नेला नाही, त्याचीच भर घालून जमीन सारखी केली. आराखडा केला एउजेनिउ दुश सांतुश यानं, आणि तो १७६० साली वारल्यावर काम पुढं नेलं कार्लुश मार्देलनं. तो मूळचा हंगेरीकडचा. ओली, भुसभुशीत जमीन होती म्हणून पाइनचे खांब ठोकून पाया केला. हे खांब आजही पाहता येतात. रुआ दुश कोर्रेएइरुशवर एका बँकेच्या तळघरात उत्खनन जपून ठेवलं आहे, तिथं एकाच जागी रोमन काळातले मासे खारवायचे हौद आणि त्यांच्यावरच्या थरांत ठोकलेले १८व्या शतकातले खांब दिसतात. लिस्बनला जाणाऱ्यानं एक वेळ बेलेमचा मनोरा पाहिला नाही तरी चालेल, हे तळघर चुकवू नये.

तळमजला दगडी कमानींचा, दुकानांसाठी. वरच्या मजल्यांना गायोला: उभ्या, आडव्या, तिरप्या लाकडांचा पिंजरा, भिंतीच्या पोटात. दगड निसटला तरी पिंजरा मजला धरून ठेवणार. राजवाड्यासमोरच्या पटांगणात याचा नमुना उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. जहाजं बांधणाऱ्या सुतारांच्या हातचं हे कसब असावं, असंही म्हणतात. आग शेजारी पसरू नये म्हणून दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढली. खिडक्या, दारं, दगडी चौकटी ठराविक मापाच्या, आधीच घडवून ठेवायच्या आणि आणून बसवायच्या. चर्चसुद्धा रांगेत, भोवतीच्या घरांच्या वर फार डोकं काढायचं नाही. म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला बाइशा कंटाळवाणी वाटते. मलाही वाटली होती. प्रवासी कंपन्यांच्या बस तिथं माणसं उतरवतात, आइस्क्रीम खायला अर्धा तास देतात आणि बेलेमला नेतात. या शहराची खरी कारागिरी गिलाव्याखाली आहे हे कुणी सांगत नाही.

बेलेम वाईट आहे असं नाही. जेरोनिमोसचा मठ १५०१ नंतर मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून उभा राहिला. दगडातच दोरखंड, गाठी, पोवळी कोरली आहेत. आपल्या मिऱ्यांचा पैसा आहे तो, हे पाहताना विसरायला होत नाही. गामाची कबर तिथंच आहे. मठ भूकंपात बराचसा टिकला, कारण तो शहरापासून लांब आणि घट्ट जमिनीवर आहे. अल्फामा ही जुनी टेकडीवरची वस्तीही बरीच वाचली. तिचे बोळ मुस्लिम राजवटीच्या काळापासूनचे; एका बोळात दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागल्या. तिथं मला परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटलंच नाही. कसबे गावच्या जुन्या गल्लीत वाटावं तसं वाटलं.

ओळखीच्या वाटण्याला आणखीही कारणं आहेत. बांधकामावर आपण अर्धी पोर्तुगीज बोलतो. मिस्त्री, घमेलं, चावी, बिजागरी, पिंप, हे सगळे शब्द तिकडून आले. शनिवारी मजुराच्या हातात पडतो तो पगारसुद्धा. लिस्बन पडलं त्याच्या सोळा वर्षं आधी, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती. तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आजही वाजतात. आणि लिस्बनच्या फुटपाथांवर पांढऱ्या चुनखडीच्या तुकड्यांत जो काळा दगड जडवतात तो बेसॉल्ट, म्हणजे आपल्या महादेवाच्या देवळाचा, आपल्या विहिरींचा, पडलेल्या त्या भिंतींचा काळा दगड. रॉसिओ चौकात १८४९ साली त्याच्या लाटा घातल्या आहेत. सपाट जमीन असून चालताना पाय अडखळतो. मला तरी अडखळला.

आता एका अवघड विषयाकडे येतो, कारण पुस्तक वाचताना तो प्रत्येक प्रकरणाखाली वाहतो आहे. आमच्याकडेही भूकंपानंतर सरळ रेषांचीच गावं झाली. जागतिक बँकेचं कर्ज, सरकारी योजना, देशभरातल्या संस्थांची मदत, आणि ५२ गावं मूळ जागेवरून उठवून नव्या जागी. ज्याची जितकी जमीन त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. घरं मजबूत होती, हे पहिल्यांदा म्हटलं पाहिजे. कुणी चिखलाच्या भिंतीत परत झोपावं असं मला वाटत नाही. पण मी त्या नव्या गावांत पाहुण्यांकडे जातो तेव्हा मला बसायला जागा सापडत नाही. रस्ते रुंद, ऊन पडलेले, घराला ढाळज नाही, रस्त्यातून आत येताना मधे थांबायला काही नाही. लिस्बनची सरळ आखणी जिवंत राहिली कारण खाली दुकान, वर घर, दोन्ही टोकांना चौक. आणि रस्त्यांना धंद्यांची नावं दिली. सोन्याचा रस्ता, चांदीचा, जोडे करणाऱ्यांचा, कापडवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. आपल्याकडच्या तांबट आळी, कासार आळीसारखंच. सरळ रेषा वाईट नसते. तिच्यावर काय मांडलं आणि काय काढून घेतलं हे पाहावं लागतं. माझं हे मत काही मित्रांना पटलेलं नाही. त्यातल्या एकानं माझ्या तोंडावर सांगितलं की ज्याचं घर पडलं नाही त्यानं ढाळजेचे गोडवे गाऊ नयेत. त्याचं म्हणणं मी पाचव्या प्रकरणात जसंच्या तसं दिलं आहे.

लिस्बन तरी सगळं जपून राहिलं असं कुठं आहे? पुढं बाइशातल्या घरमालकांनी वर मजले चढवले. दुकानाला मोठी जागा हवी म्हणून तळमजल्याच्या भिंती काढल्या, नळासाठी आणि लिफ्टसाठी पिंजऱ्याची लाकडं कापली. दोन-अडीचशे वर्षांत मोठा धक्का बसला नाही की लाकूड कशासाठी होतं तेच विसरायला होतं. आमच्या नव्या गावांतही भूकंपरोधक घराला लागून पुन्हा चिखलातल्या दगडाची भिंत उठलेली मी पाहिली आहे. त्याला तीस वर्षंही लागली नाहीत.

विसरू नये म्हणून लिस्बननं एक गोष्ट ठेवली, आणि तीही ठरवून नव्हे. कार्मु टेकडीवर १३८९ मध्ये बांधायला घेतलेलं गॉथिक चर्च आहे. भूकंपात छप्पर गेलं. पुन्हा बांधायला घेतलं, काम रखडलं, आणि १९व्या शतकात ते तसंच ठेवून आत पुराणवस्तूंचं संग्रहालय केलं. आज आत उभं राहिलं की दोन्ही बाजूंना दगडी खांब, वर एका खांबावरून दुसऱ्यावर गेलेल्या कमानींच्या बरगड्या, आणि बरगड्यांच्या मधून आकाश. मी तिथं दोन तास चित्र काढत बसलो. वहीतल्या त्या पानाशेजारी मी आजोळच्या ढाळजेचं १९९३ सालचं चित्र चिकटवलं आहे. पुस्तकात ही दोन्ही चित्रं समोरासमोरच्या पानांवर छापली आहेत. एकीकडे भिंती आणि खांब आहेत, छप्पर नाही. दुसरीकडे खांब आणि छप्पर आहे, भिंती नाहीत.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. प्रकरणं मी पाहिलं त्या क्रमानं नाहीत. आधी बाइशा, मग कार्मु, मग आग्वाश लिव्रेश हा पाण्याचा पूल. हा पूल भूकंपातून टिकला आणि माया, मार्देल या दोघांचेही हात त्याला लागले होते. ज्यांनी नळदुर्गच्या पाणीमहालात उभं राहून डोक्यावरून जाणारी बोरी नदी पाहिली आहे, त्यांना हे प्रकरण सगळ्यात आवडेल असा अंदाज आहे. अल्फामा आणि बेलेम शेवटी. एक प्रकरण फरशांच्या संग्रहालयावर आहे. तिथं भूकंपाआधीचं अख्खं शहर नदीवरून दिसावं तसं निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेलं आहे, २३ मीटर लांब. जे पडलं ते कसं दिसत होतं, हे लिस्बनकरांना अजून पाहता येतं. मापं सगळी फुटांत दिली आहेत, कारण आपले गवंडी फुटांतच बोलतात. त्या फरशांची तेवढी मीटरमध्ये राहिली. पोर्तुगीज नावं भाच्यानं उच्चारून दाखवली तशी लिहिली आहेत. चुकली असतील तर दोष माझ्या कानांचा.

लिस्बनला जाणं प्रत्येकाला जमणार नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. पण उमरगा, लोहारा, तुळजापूरकडे ज्यांच्या घरात अजून खांब-तुळयांची ढाळज किंवा लादणी उभी आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. पाडायचीच असेल तर पाडा, तो तुमचा हक्क आहे. त्याआधी मला किंवा जवळच्या चित्रकलेच्या मास्तरांना एक निरोप द्या. टेपचं एक टोक आम्ही धरू.